गुरुवारी मी ग्वाल्हेरला येऊन गेलो

ती. आई व ती. बाबा यांस सा. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी मी ग्वाल्हेरला येऊन गेलो आणि घरी आलो नाही, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवावे, म्हणून हे पत्र. मागच्या सुट्टीत माझ्याबरोबर आलेला, पुरणपोळीला ‘मीठी रोटी’ म्हणत पाच पोळ्या संपवणारा भिंडचा मुलगा गेला. त्याचे पार्थिव घेऊन येणाऱ्या पथकात मी होतो. महाराजपुऱ्याच्या हवाई तळाबाहेर पडले की भिंडचा रस्ता लगेच लागतो, शहरात शिरावे लागत नाही. फोन हातात घेतला होता. पण आईचा आवाज ऐकला असता, तर पुढचे काम माझ्या हातून झाले नसते.

बाबा, तुम्ही विचाराल म्हणून लिहितो. गोळी लागली नाही. सियाचेनमध्ये १९८४पासून आपली माणसे शत्रूपेक्षा हवेने आणि बर्फानेच अधिक गेली आहेत. वर जाण्यापूर्वी सहा, चार आणि चार अशा टप्प्यांनी १४ दिवस शरीराला उंचीची सवय करून देतात, ती त्याने नीट केली होती. तरीही एका रात्री त्याला कोरडा खोकला लागला, मग बसल्या जागी धाप, आणि पहाटे थुंकीत गुलाबी फेस. फुप्फुसांत पाणी भरते, आम्ही त्याला ‘हेपो’ म्हणतो. माणसाला लवकर खाली उतरवणे हाच खरा उपाय. ऑक्सिजन होता, रुग्णाला आत निजवून पंपाने हवेचा दाब वाढवतात ती पिशवीही होती, आणि तो पंप आम्ही रात्रंदिवस आळीपाळीने मारत राहिलो. पण वादळात हेलिकॉप्टर येऊ शकले नाही. बावीस वर्षांचा होता हो.

त्याच्या सामानाची यादी मीच केली. पेटीत तळाशी, आई, तुझा डिंकाच्या लाडवांचा डबा निघाला, झाकणावर तुझे नाव कोरलेला. त्यात त्याने सुईदोरा आणि गणवेशाची बटणे ठेवली होती. ‘डबा आठवणीने परत आण’ असे तू बजावले होतेस, आणि माझाच म्हणून तो बाजूला काढता आला असता. पण मी ‘स्टीलचा डबा, १’ असे लिहून टाकले.

गावात सलामीच्या फैरी झाल्या, घडी केलेला तिरंगा त्याच्या वडिलांच्या हाती दिला. नंतर पेटी उघडली, तेव्हा त्याच्या आईने आधी तो डबाच उचलला आणि झाकणावरच्या नावावरून बोट फिरवत विचारले, “ये किसका नाम है?” मी म्हणालो, “मेरी माँ का.” त्यांनी तो पदराने पुसला आणि मांडीवर घेऊन बसल्या.

डबा तिथेच आहे. होळीला सुट्टी मिळाली, तर तुला भिंडला घेऊन जाईन म्हणतो. गुडघे दुखत असले तरी ये. गाडी मी ठरवीन.

तुमचा,
बाळ