अडीच इंची तोफ १८२७ ची नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तोफखाना दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला मजकूर वाचला. २८ सप्टेंबर १८२७ रोजी ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी, म्हणजे डोंगरी तोफांची तुकडी, उभी राहिली, हे बरोबर आहे. पण ती 'अडीच इंची तोफांनिशी' (अडीच इंच व्यासाच्या नळीच्या तोफांनिशी) उभी राहिली, हे जे वाक्य वर्षानुवर्षे जिथे तिथे छापले जाते, ते चूक आहे. ही तोफ सैन्यात आली १८७९ साली. १८२७ मध्ये ही बॅटरी मुंबई इलाख्याच्या फौजेतली गोलंदाजांची, म्हणजे तोफा डागणाऱ्या शिपायांची, कंपनी होती आणि त्या काळच्या तोफा गुळगुळीत नळीच्या असत.

जंजिऱ्याच्या कलालबांगडी तोफेला बुरुज सोडून कुठे जायचे नव्हते, म्हणून तिचे वजन कितीही चालले. डोंगरी तोफेचे वजन मात्र खेचराची पाठ ठरवते. एका खेचरावर नळी लादायची तर ती साधारण २०० पौंड, म्हणजे ९० किलोच्या आत हवी. त्यामुळे आधीच्या सात पौंडी डोंगरी तोफेची नळी आखूड राहिली आणि मारा तोकडा पडला. ब्रिटिश तोफखान्याचे कर्नल ल मेझ्युरिए यांनी अडीच इंची तोफेत पोलादी नळीचेच दोन तुकडे केले. ते दोन खेचरांवर न्यायचे आणि मोर्चावर पोचल्यावर आट्यांनी जोडायचे. नळी ४०० पौंडांची झाली, सुमारे सात पौंडांचा गोळा ४,००० यार्डांपर्यंत जाऊ लागला. आट्यांनी जोडायची म्हणूनच तिला 'स्क्रू गन' म्हणत. १८२७ च्या ओतीव तोफा अशा नव्हत्या.

खरी परीक्षा या जोडाची. आट्यांत वाळूचा कण राहिला तर जोड पुरता बसत नाही आणि फटीतून निसटणारा तापलेला वायू तिथले पोलाद खातो. दोन्ही तुकड्यांतले पीळ (गोळ्याला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा) नेमके समोरासमोर आले नाहीत तर गोळा तिथेच अडखळतो. म्हणून जोडण्याआधी आटे पुसून तेल लावणे हे गोळा भरण्याइतकेच महत्त्वाचे. नळी पाठीच्या मधोमध लादलेली असते, त्यामुळे उतारावर खोगीर फिरते. तंग (पोटाखालचा पट्टा) सैल असेल किंवा दुमची (शेपटीखालचा पट्टा) नीट नसेल तर खेचराची पाठ सोलते, आणि एक खेचर बसले की अख्खी तोफ निकामी, कारण अर्ध्या नळीने बार काढता येत नाही. धक्का शोषण्याची यंत्रणा नव्हतीच. प्रत्येक बाराला तोफ मागे उसळे, ती ढकलून पुन्हा जागेवर आणावी लागे. काळ्या दारूचा पांढरा धूर शत्रूला नेमकी जागा दाखवी, तो दोष वेगळाच.

मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणची माणसे पिढ्यान्‌पिढ्या भरती झाली, दापोलीला तर फौजेच्या तळावरून आजही 'कॅम्प' म्हणतात. त्यांच्या तुकड्यांचा इतिहास इथल्या वर्तमानपत्रात तरी अचूक यावा, ही आमची कळकळ. पुढच्या २८ सप्टेंबरला १८२७ हे साल तसेच ठेवावे, 'अडीच इंची' हे शब्द गाळावेत आणि सोबत स्क्रू गनचे चित्र छापल्यास त्याखाली '१८७९ नंतरची तोफ' असे लिहावे, ही विनंती.

आपले,
जुन्या शस्त्रांचा अभ्यास करणारे काही वाचक,
दापोली, जि. रत्नागिरी