प्रयोगशाळेतील त्वचा आणि मधले तीन आठवडे

संपादक महोदय,

भ्रूणीय मूळपेशींपासून (सुरुवातीच्या भ्रूणातील, कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या 'स्टेम सेल'पासून) प्रयोगशाळेत मानवी त्वचा तयार होते, तेव्हा भाजलेल्यांना आता नवी कातडी मिळणार, असे सरसकट बोलले जाते. जळीत कक्षात नोकरी केलेल्या माझ्यासारखीला मात्र ही त्वचा रुग्णाच्या अंगावर कधी चढणार आणि किती काळ टिकणार, हे आधी जाणून घ्यावेसे वाटते.

रुग्णाच्याच त्वचेचा लहान तुकडा घेऊन त्यातील पेशी वाढवण्याची पद्धत राइनवाल्ड आणि ग्रीन या संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवली. त्या पेशींचा थर लावण्याजोगा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि बरेच अंग भाजलेल्या रुग्णाच्या जिवाला जंतुसंसर्गाचा व अंगातील पाणी झिरपून जाण्याचा सर्वांत मोठा धोका नेमका याच काळात असतो. फ्रान्समधील मार्क पेशान्स्की यांच्या गटाने २००९ मध्ये भ्रूणीय मूळपेशींपासून सुमारे ४० दिवसांत बाह्यत्वचेच्या पेशी घडवल्या. त्यांचा थर उंदरांवर लावल्यावर १२ आठवड्यांनी त्याची रचना प्रौढ माणसाच्या बाह्यत्वचेसारखी दिसली. येथेही दिवस लागतातच, पण या पेशी आधीच वाढवून साठवता येतात आणि रुग्ण दाखल होताच वापरता येतील, हा त्यातला खरा फायदा. अर्थात त्या परक्या पेशी रुग्णाचे शरीर कालांतराने नाकारत असल्यामुळे हे आच्छादन तात्पुरतेच धरायचे. त्यात घर्मग्रंथी नाहीत, केसांची मुळे नाहीत.

हे काम मुंबईला अगदीच परके नाही; परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत भ्रूणीय मूळपेशींचे वाण (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येणारे पेशींचे वंश) तयार झालेले आहेत. परंतु २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा पेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर उपचार म्हणून करता येत नाही. (चेहरा उजळवणाऱ्या 'स्टेम सेल' जाहिरातींचा या संशोधनाशी काडीचाही संबंध नाही.)

तोवर मधले ते तीन आठवडे निभावतात ते मृत्यूनंतर दान केलेल्या त्वचेवर. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० पासून त्वचापेढी आहे, ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स सेंटरमध्येही आहे. त्वचा मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावी लागते. मांड्या, पाय व पाठीवरचा केवळ वरचा पातळ थर काढतात, त्यामुळे देह विद्रूप होत नाही, आणि रक्तगट जुळण्याचीही गरज नसते. नेत्रदान माहीत असलेल्या घरांतही हे ठाऊक नसते, असा माझा अनुभव आहे. तेव्हा प्रयोगशाळेतील त्वचेविषयी छापताना जवळच्या त्वचापेढीचा दूरध्वनी क्रमांकही शेजारी द्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, माटुंगा, मुंबई