वावटळीची ट्विस्टर कधी झाली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात 'येळ्ळूर शिवारात ट्विस्टरची धडक' ही बातमी वाचली. धडक बसलेला गोठा माझा आहे, म्हणून हे पत्र.

सकाळी साडेसातलाच खानापूरहून मेहुण्याचा फोन. "दाजी, गाडीवाला सापडला काय?" त्याच्या डोक्यात होंडाची ट्विस्टर. नात म्हणाली, रंगीत ठिपक्यांच्या चादरीवर हातपाय अडकवून पडायचा खेळ म्हणजे ट्विस्टर. मुलाला १९९६ चा सिनेमा आठवला. शेजारचे मास्तर 'टंग ट्विस्टर' म्हणत 'कच्चा पापड, पक्का पापड' घोकायला लागले. पत्रे कुणी उडवले, हे मात्र एकालाही कळले नाही.

अहो, ती वावटळ होती! भर दुपारी, लख्ख उन्हात, तापलेल्या शिवारातून उठली, पिंजराची गंजी विस्कटली, गोठ्याचे सात पत्रे उचकटले आणि ओढ्यापलीकडे जाऊन विरली. वर आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. अमेरिकेत ट्विस्टर म्हणतात तो टोर्नाडो, गडगडाटी ढगातून सोंडेसारखा जमिनीपर्यंत उतरणारा. १९८९ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात माणिकगंज भागात तसला आला, तेव्हा सुमारे १३०० माणसे गेली. माझे सात पत्रे कृपया त्या पंगतीला बसवू नका.

आणि तो फोटो कुठला हो? नजर पोचेल तिथवर सपाट शेत आणि काळी सोंड. येळ्ळूरचा फोटो असता तर मागे राजहंसगड दिसला असता.

आमची आई वावटळ दिसली की 'भूत आहे त्यात, थुंका' म्हणायची. भूत असो नसो, शब्द तरी घरचा होता. कन्नड पेपरवाल्यांनी त्याच वाऱ्याला सरळ 'सुंटरगाळी' लिहिले, तेही कुणाला न विचारता. दरवर्षी १ नोव्हेंबरला काळ्या फिती बांधून आम्ही मराठीसाठी फेरी काढायची, आणि आमच्याच मराठी दैनिकाने ट्विस्टर छापायचे!

तुमचे कात्रण घेऊन भरपाईचा अर्ज द्यायला गेलो. अर्ज कन्नडमध्ये, ते दुखणे जुनेच. कारकुनाने कात्रण वाचले आणि विचारले, "ट्विस्टर? वाहन अपघात काय?" आता पंचनाम्यासाठी पुढच्या सोमवारी या म्हणतात. तोवर म्हशी चिंचेखाली.

गंमत म्हणजे त्याच अंकाच्या शब्दकोड्यात 'धूळ उडवणारा गोल वारा, चार अक्षरे' असे विचारले आहे. म्हणजे तुमच्या कचेरीत एकाला तरी शब्द ठाऊक आहे. बातमी त्यांच्याकडून तपासून घेता आली असती.

बाकी, गेल्या आठवड्याच्या कोड्याचे उत्तर अजून छापलेले नाही. उभा ७ अडला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, येळ्ळूर (जि. बेळगाव)