पाळणाघराची सुट्टी बिनपगारी का?

महोदय,

"सुट्टीच्या दिवशी मूल आमच्याच घरी होतं, मग त्या दिवसाचे पैसे कशाचे?" घरगुती पाळणाघराच्या दारात महिनाअखेरीला हा प्रश्न हमखास निघतो. मी तर तो विचारलाही नव्हता, सरळ पैसेच कापले होते. मुलगी दीड वर्षाची असताना एका महिन्यात दोन सार्वजनिक सुट्ट्या आल्या. मी महिन्याच्या फीला बावीसने भागले, दोन दिवस वजा केले आणि उरलेली रक्कम पाकिटात घालून ताईंच्या हातात दिली. त्यांनी पैसे मोजले, पुन्हा एकदा मोजले, वहीत आकडा लिहिला आणि मुलीची पिशवी माझ्याकडे देत म्हणाल्या, "आज दुपारी नीट झोपली नाही. दाढ येतेय बहुतेक, हिरड्या सुजल्यात." पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही.

मी एका कार्यालयात पगारपत्रके तयार करते. त्याच दोन तारखांना, कार्यालयातल्या प्रत्येक नावापुढे, मी स्वतःच्या हाताने 'भरपगारी सुट्टी' अशी नोंद केली होती. त्या यादीत माझेही नाव होते. म्हणजे मला त्या दोन दिवसांचा पगार मिळाला, आणि तो मिळावा म्हणून माझे मूल रोज दहा तास सांभाळणाऱ्या बाईंचे तेच दोन दिवस मी कापले. हा विरोधाभास माझ्या ध्यानात यायला बरेच महिने गेले. तेव्हापासून हे पत्र मनात आहे.

घरगुती पाळणाघरांनी सार्वजनिक सुट्टीची फी घ्यावी आणि पालकांनी ती कुरकुर न करता द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ज्या पालकांना स्वतःलाच सुट्टीचे पैसे मिळत नाहीत त्यांचा प्रश्न यात खराखुरा आहे, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

आधी हिशेब पाहू, कारण भांडण बहुतेक वेळा हिशेब न मांडल्यामुळेच होते. समजा पाळणाघर आठवड्याचे पाच दिवस चालते. वर्षाचे झाले २६० दिवस. त्यात कामाच्या दिवशी येणाऱ्या १२ सार्वजनिक सुट्ट्या धरल्या, तर दार उघडे राहते २४८ दिवस. ताईंना वर्षभराचा खर्च भागवून जेवढे हाती उरायला हवे तेवढे उरायलाच हवे. ती रक्कम २६० दिवसांवर वाटली तर सुट्टीची फी घेतली असे दिसते. २४८ दिवसांवर वाटली तर सुट्टी माफ, पण रोजचा दर जवळजवळ पाच टक्क्यांनी चढतो. पालकाच्या खिशातून वर्षाला जाणारे पैसे दोन्हीकडे तेवढेच. फरक पडतो तो महिन्यांत. बावीस दिवसांच्या महिन्यात तीन सुट्ट्या आल्या आणि तिन्ही कापल्या गेल्या, तर त्या महिन्याची कमाई साडेतेरा टक्क्यांनी घटते. घरभाडे घटत नाही, विजेचे बिल घटत नाही, हाताखाली एखादी मदतनीस असेल तर तिचा पगारही घटत नाही. म्हणून वर्षाचा आकडा आधी ठरवून त्याचे बारा सारखे भाग करणे दोघांच्याही सोयीचे. पालकालाही पुढच्या महिन्यात किती द्यायचे हे आजच कळते.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. एखादे मूल आजारी पडून आले नाही आणि त्याचे पैसे कापले, तर एका मुलाचे पैसे कमी होतात. सार्वजनिक सुट्टी मात्र सगळ्यांची एकाच दिवशी असते. घरात चार मुले सांभाळणाऱ्या बाईच्या दृष्टीने तो अख्खा दिवस कोरा जातो. प्रत्येक पालकाला आपण कापलेली रक्कम किरकोळ वाटते, कारण तो फक्त आपलेच पाकीट पाहत असतो.

आपण पैसे कशाचे देतो, तेही नीट समजून घ्यायला हवे. बहुतेकजण दिवसाच्या मजुरीचे देतो असे धरून चालतात. खरे तर आपण एक जागा धरून ठेवलेली असते. एकटी बाई चार-पाचच मुलांकडे नीट लक्ष देऊ शकते, आणि त्या चार-पाचांत आपल्या मुलाची एक जागा पक्की आहे या भरवशावर आपण नोकरी करतो. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागा आपलीच असते, दुसऱ्या कुणाला दिलेली नसते. गावाला गेलो म्हणून घरमालकाला त्या दिवसांचे भाडे कमी देतो का आपण? शाळेला सुट्टी लागली म्हणून फी कापून मागतो का? तिथे विचारायची हिंमत होत नाही आणि पाळणाघरात होते, याचे कारण समोर एक एकटी बाई असते आणि तिला आपले मूल आवडते, हे आपल्याला ठाऊक असते.

मागे एका सुट्टीच्या दिवशी मुलीचे दुपटे पाळणाघरात राहिले होते. ते अंगावर घेतल्याशिवाय ती झोपत नाही, म्हणून आणायला गेले. दार उघडेच होते. खोलीतल्या सगळ्या गाद्या उन्हात टाकलेल्या, अभ्रे दोरीवर. टबात खेळण्यांचे ठोकळे भिजत घातलेले, आणि ताई जमिनीवर बसून एकेक ठोकळा जुन्या ब्रशने घासत होत्या. कोपऱ्याकोपऱ्यातून, कारण मुले कोपरेच तोंडात घालतात. भिंतीवरच्या खडूच्या रेघा कमरेच्या उंचीपर्यंत पुसून झाल्या होत्या. एका गादीची उसवलेली शिवण घालायची बाकी होती, सुई त्यातच टोचून ठेवली होती. "मुलं असताना हे कधी करणार?" एवढेच त्या म्हणाल्या आणि ओले हात पुसून दुपटे शोधायला उठल्या.

पण महोदय, माझा मुद्दा या दृश्यावर उभा नाही, आणि तो उभा राहू नये असे मला वाटते. त्या दिवशी ताई दुपारपर्यंत झोपलेल्या असत्या, तरीही त्यांना त्या दिवसाचे पैसे मिळायला हवे होते. सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरी काय केलेत, हे मी माझ्या कार्यालयात कुणालाही विचारत नाही. सुट्टी ही काहीही न करण्यासाठीच असते. पाळणाघरवाल्या बाईने मात्र सुट्टीतही राबल्याचा पुरावा द्यावा, तरच आम्ही पैसे देऊ, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. आठ तासांच्या नोकरीला आपला जाण्यायेण्याचा वेळ जोडला की तिचे दहा-अकरा तास होतात, आणि त्या दहा-अकरा तासांत मूल झोपल्यावरच तिला पाठ टेकता येते, तीही एक कान उघडा ठेवून.

भरपगारी सुट्टी ही काही कुणाची मेहेरबानी नव्हे, हे जगाने फार पूर्वी मान्य केले आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३६ मध्ये पगारी रजेचा करार केला, तेव्हा वर्षाला किमान सहा दिवसांची रजा ठरली; आणि सार्वजनिक सुट्ट्या किंवा आजारपणातली गैरहजेरी त्या सहा दिवसांत मोजायची नाही, हेही त्याच करारात लिहिले गेले. १९७० मध्ये तो सुधारला तेव्हा सहा दिवसांचे तीन आठवडे झाले. २०११ मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र करार आला. त्यात कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि पगारी रजा याबाबतीत घरकामगारांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावे, असे म्हटले आहे. परंतु तो करार नोकरीच्या नात्यात काम करणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या घरात चार घरांची मुले सांभाळणारी बाई कुणाचीच नोकर नसते. तिला मालक नाही, म्हणून भरपगारी सुट्टी देणाराही कुणी नाही. तिची सुट्टी तिने ठरवलेल्या फीमध्येच असावी लागते. दुसरीकडून ती येणार तरी कुठून?

मूल सांभाळण्याला काय पैसे लागतात, असे आपल्याला वाटते, कारण ते काम आपण पिढ्यान्‌पिढ्या फुकट झालेले पाहिले आहे. याच संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात रोज १६४० कोटी तास घरच्यांची काळजी घेण्यात आणि घरकामात बिनपैशाने खर्च होतात, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा बायकांचा असतो. आईने, आजीने, आत्याने फुकट केलेले काम दुसऱ्या बाईने केले, तर तिलाही आपण शक्य तितके कमीच देऊ पाहतो. मी केले तेही हेच.

आता त्या अवघड प्रश्नाकडे येते. माझ्या मुलीबरोबर एक मुलगा होता, त्याची आई रोजंदारीवर जाते. सुट्टी आली की तिचा रोज बुडतो. तिने सुट्टीची फी द्यायची म्हणजे न मिळालेल्या मजुरीतून द्यायची. दुसरी एक आई रुग्णालयात पाळीवर काम करते. तिला सुट्टी नसतेच, उलट त्या दिवशी मुलाला ठेवायचे कुठे म्हणून वेगळी सोय शोधावी लागते आणि तिचे वेगळे पैसे मोजावे लागतात. सुट्टीची फी द्या, हे मला सांगणे सोपे आहे. या दोघींना सांगताना माझी जीभ अडखळते.

तरीही त्यांच्यासाठी ताईंनी आपला दिवस सोडावा, असे मी म्हणणार नाही. एकीची बुडालेली मजुरी दुसरीच्या कमाईतून भरून काढणे म्हणजे, ज्या दोघींकडे सगळ्यांत कमी आहे त्यांनीच आपसात तोडपाणी करणे. आमच्या पाळणाघरात गेल्या वर्षी आम्ही पालकांनी एकत्र बसून ठरवले, की ज्यांना भरपगारी सुट्टी मिळते त्यांनी सुट्टीची पूर्ण फी द्यायची. रोजंदारीवरच्या आईची निम्मी फी आम्ही बाकीच्यांनी वाटून घ्यायची. माणशी फारच थोडे पडले. ताईंचा दिवस शाबूत राहिला. पाळीवर काम करणाऱ्या आईसाठी ताई वर्षातून काही ठरावीक सुट्ट्यांना दार उघडतात. त्या दिवसाचे पैसे वेगळे आणि जास्त, आणि बदली सुट्टी दुसऱ्या एखाद्या दिवशी. हे सगळीकडे जमेल असे नाही. पण निदान बसून बोलता तरी येते.

ताईंसारख्या बायकांनाही एक विनंती आहे. सुट्टीची फी घ्या, पण ती महिनाअखेरीला सांगू नका. मूल ठेवायला आलेल्या पालकाच्या हातात पहिल्याच दिवशी वर्षाच्या सुट्ट्यांची यादी आणि फीचा कागद द्या, आणि त्यावर दोघांच्या सह्या असू द्या. सार्वजनिक सुट्टी, तुमची स्वतःची रजा, तुमचे आजारपण आणि मुलाचा खाडा, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की पालक बिथरतात, आणि ते बिथरणे चूक नाही. तुम्ही आठवडाभर बाहेरगावी जाणार असाल तर त्या आठवड्याची फी मागणे मला पटत नाही, कारण त्या दिवशी पालक कामावर असतो आणि त्याला दुसरी सोय पाहावीच लागते. सार्वजनिक सुट्टीचे तसे नाही. यादीत सुट्ट्या मोजक्या आणि खऱ्या असाव्यात. मागची-पुढची जोडून घेतलेली सुट्टी 'सार्वजनिक' म्हणून त्यात बसवू नये.

राहिला प्रश्न, जे सुट्टीच्या दिवशी माणसे कामावर बोलावतात त्यांचा. कुटुंबाची जबाबदारी असलेल्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९८१ चा आहे, आणि मुलांच्या संगोपनाच्या सोयींना चालना द्यावी, हे त्यात देशांना सांगितलेले आहे. म्हणजे मूल कुठे ठेवायचे, हा केवळ आईचा खासगी मामला नाही, हे मान्य होऊन चाळीस वर्षे उलटली. सुट्टीच्या पाळीला येणाऱ्या आई-बापांना त्या दिवसाचा पाळणाघराचा खर्च आस्थापनेने द्यावा, असा साधा नियम करायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पगारपत्रकात एक रकाना वाढवावा लागतो, आणि तो कसा वाढवतात हे मला माहीत आहे. आमच्या कार्यालयात तसा लेखी अर्ज मी गेल्या महिन्यात दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही.

आपली,
एक नोकरदार आई