अळीव नको, बोंडलं आण

वडोदरा, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर आधी आई रडते, मग मी, आणि बाबा 'नेटवर्क नाही' म्हणून ठेवून देतात. म्हणून लिहितेय.

आई, परवा म्हणालीस की अळीव निवडून ठेवलेत, लाडू करून आणते. नको आणूस. डिंकाचे आण, पण अळिवाचे नकोत. अळीव खायचे ते दूध उतरावं म्हणून, आणि मला ते उतरू द्यायचंच नाहीये. बाळ पहिल्या दिवसापासून वरच्या दुधावर राहणार.

कारण तुम्हाला माहीत आहे. दिवस राहावेत म्हणून कॅन्सरची टॅमॉक्सिफेनची गोळी थांबवली होती, ती बाळंतपणानंतर पुन्हा सुरू करायची आहे आणि ती चालू असताना अंगावर पाजायचं नसतं. डावीकडे ऑपरेशन आणि रेडिएशन झालेलं, तिथून तसंही फारसं काही येणार नाही. उजवीकडचा चीक दोन-तीन दिवस देऊ का, असं मीच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, देता येईल, गोळी थोडी पुढे ढकलू. आठवडाभर झोप नव्हती. तोंडाला लावायचं आणि चौथ्या दिवशी तोडायचं, हे माझ्याने होणार नाही. गोळी आणखी पुढे ढकलायचीही भीती वाटते. नको म्हणून सांगून आले. आता यावर पुन्हा चर्चा नको.

तयारी मात्र जोरात आहे. हॉस्पिटलात बाळाचं दूध मिळत नाही, आपलं आपण न्यायचं. मुलांच्या डॉक्टरांकडून फाईलवर तसं लिहून घेतलंय, नाहीतर बाटली दिसली की रात्रपाळीच्या सिस्टर पेशंटलाच झापतात. चूक त्यांचीही नाही. १९९२ चा कायदाच आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. या डब्यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा छापायचं नाही. उलट छापायलाच हवं, आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम, तेही ठळक अक्षरात. कायदा योग्यच आहे. फक्त रावपुऱ्यातल्या केमिस्टकडून डबा घेऊन घरी आले आणि ओट्यावर ठेवला तेव्हा ती ओळ नेमकी माझ्याकडे तोंड करून होती. मी डबा फिरवून ठेवला. तुमच्या जावयांनी डाळीच्या डब्याचं जुनं झाकण शोधलं आणि त्याच्यामागे लपवून टाकला. बोलले काही नाहीत.

जावयांची शिकवणी चालू आहे. पहिल्या दिवशी चमचा शिगोशीग भरला, वर थोडं 'पोरासाठी' म्हणून. मी ओरडले. ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा, सुरीच्या पाठीने वरचं सारून टाकायचं, दाबून भरायचं नाही. घट्ट झालं तर बाळाला त्रास, पातळ झालं तर वजन वाढत नाही. आधी पाणी, मग पावडर. आणि पाणी उकळून कोमट केलेलं चालत नाही, हे मलाही नवीन होतं. पावडर निर्जंतुक नसते म्हणे, त्यामुळे पाणी निदान ७० अंश तरी गरम हवं, म्हणजे उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत. मग बाटली नळाखाली धरून गार करायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायची. पिऊन उरलेलं ओतून द्यायचं. आई, हे तुझ्यासाठी लिहितेय. उरलेलं दूध टाकताना तुझा जीव जातो, मला माहीत आहे.

बाटल्या, निपल सगळं १० मिनिटं उकळायचं. पहिल्या दिवशी आम्ही गॅसवर ठेवून सिरियल बघत बसलो. पाणी आटलं, निपल तळाला चिकटलं आणि रबर जळाल्याचा वास दोन दिवस घरात. शेजारच्या बेन विचारायला आल्या, वायर जळली का. आता मोबाईलवर घंटा लावतो.

याच बेन हॉस्पिटलात येणार आणि पहिला प्रश्न विचारणार, 'धावण आवे छे ने?' म्हणजे दूध येतंय ना. सगळेच विचारतात, वाईट भावनेने नाही. पण टाके ताजे असताना प्रत्येकीला कॅन्सरपासून कथा सांगायची माझी तयारी नाही. बाबा, हे खातं तुमचं. दाराशी खुर्ची टाकून बसायचं आणि 'तिला औषध चालू आहे' एवढंच म्हणायचं. बँकेत चाळीस वर्षं लोकांना परत पाठवलंत, जमेल. दुसरं काम वहीचं. वेळ, किती मिली, शू, शी. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, घाबरू नका. दोन आठवड्यांत भरून येतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. तुमचा ताळेबंद जुळला की मी निर्धास्त.

आई, अंगठीने मध चाटवायचा नाही. इथे गळथूथी म्हणतात, ज्याच्या हातची मिळेल त्याचे गुण बाळात येतात अशी समजूत. तुझे गुण यायचे असतील तर आपोआप येतील. मधात जिवाणू असू शकतात, वर्षाच्या आत मध देत नाहीत. गुटीही नको, वरचं पाणीही नको.

पण एक गोष्ट तुझ्याकडूनच हवी आहे. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी पाच-सात मिली पितं. तेवढ्यासाठी डॉक्टरांनी एक चोचीची छोटी वाटी वापरायला सांगितली, पलाडी म्हणतात. त्यांनी ती टेबलावर काढून ठेवली आणि मला हसू आवरेना. बोंडलंच की! माझं चांदीचं अजून आहे ना, देवघराच्या खालच्या कप्प्यात, निळ्या फडक्यात? चोचीपाशी थोडं चेपलंय, मी पाडलं होतं असं तूच सांगतेस. पहिलं दूध तू पाज. उशाशी मांडी घालून, बाळाचं डोकं वर धरून, चोच ओठाच्या कडेला टेकवून, थेंब थेंब. ते गिळेल तसंच पुढचं. घाई करायची नाही. उकळून घ्यायला मात्र विसरू नकोस, चांदी असली तरी.

अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट काढलंत ना? ती इथे रात्री उशिरा येते, जावई स्टेशनवर असतील. बोंडलं पर्समध्ये ठेव, बॅगेत नको.

तुमची,
ताई