पायथनची माहिती द्या, पण आवृत्तीसह

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दहावी-बारावीनंतरच्या वाटा सांगणाऱ्या पुरवण्यांत ‘पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका’ हा सल्ला वरचेवर छापून येतो. सल्ला योग्यच आहे. पण कोणती आवृत्ती घ्यायची आणि कशावरून शिकायची, हे त्यात नसते, आणि सीमाभागातल्या मुलांचे घोडे नेमके तिथेच अडते. खानापूर किंवा निपाणीकडची मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात, पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला एकदम इंग्रजीत जातात आणि हाताला लागतील त्या झेरॉक्स नोट्सवर विसंबतात. त्या नोट्स पुष्कळदा पायथन २ च्या असतात. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून कायमची बंद झाली आहे.

जुने पुस्तक ओळखणे सोपे आहे. ‘प्रिंट’पुढे कंस नसेल किंवा ‘रॉ इनपुट’ दिसले, तर ते बाजूला ठेवावे. प्रिंटची चूक संगणक लगेच दाखवतो, भागाकाराची मात्र दाखवत नाही. पूर्णांक ५ भागिले २ केले, की पायथन २ उत्तर देतो २ आणि पायथन ३ देतो २.५. नोट्समधले उत्तर पडद्यावर येत नाही, तेव्हा आपलेच चुकले असे समजून मूल तासभर डोके खाजवते.

पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते आणि साधारण पाच वर्षे तिची काळजी घेतली जाते. ३.१४ ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. शिकणाऱ्याने सर्वांत नव्या आवृत्तीच्या एक पाऊल मागे राहावे, असे आमचे मत आहे. बाहेरची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, नव्या आवृत्तीसाठी तयार व्हायला थोडा वेळ लागतो. पण ३.१० च्या खाली जाऊ नये. ३.१० पासून चूक दाखवणारे संदेश खूप सुधारले. पूर्वी कंस बंद करायचा राहिला, तर चूक खालच्या ओळीवर दाखवली जाई आणि त्या ओळीत काहीच चुकलेले नसे. आता ‘हा कंस बंदच केलेला नाही’ असे त्याच ओळीवर बोट ठेवून सांगितले जाते. इंग्रजी कच्चे असलेल्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे.

विंडोज ७ वर मात्र ३.८ च्या पुढे जाता येत नाही. त्यासाठीचा शेवटचा इन्स्टॉलर ३.८.१० चा. अशा यंत्रांवर विंडोजऐवजी चालू काळातली लिनक्स ही मोफत प्रणाली टाकणे हा खरा उपाय. ते जमत नसेल, तर ३.८.१० वर पायाभूत धडे होतात, पण ३.१० मध्ये आलेली ‘मॅच-केस’ ही रचना तिथे सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यातली चूकच दाखवणार. विंडोजवर नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर खाली ‘पाथ’मध्ये, म्हणजे संगणक प्रोग्रॅम शोधतो त्या जागांच्या यादीत, जोडण्याचा चौकोन असतो, त्यावर टिक करायची. ती राहिली, की कमांड प्रॉम्प्टला ‘पायथन’ सापडत नाही.

गावाकडे नेटची रड असते. पॅकेजेस शहरात ‘पिप डाउनलोड’ या पायथनसोबतच्या आज्ञेने पेन ड्राइव्हवर उतरवून घेता येतात. फक्त दोन्ही संगणकांवर विंडोज की लिनक्स, पायथनची आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट हे जुळले पाहिजे. नाहीतर पेन ड्राइव्ह नेऊनही काम होत नाही. पायथनचे अधिकृत ट्युटोरियल व सगळे दस्तऐवज संकुचित फाइलमध्ये मोफत मिळतात आणि नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडतात. तालुक्याच्या वाचनालयांनी एका संगणकावर ते ठेवले आणि दर ऑक्टोबरला बदलले, तरी मोठी सोय होईल.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे बरेच पाठ मराठी आवाजात आहेत. त्यातली पायथनची जुनी मालिका सोडून ३.४.३ ची घ्यावी, ती निदान पायथन ३ ची आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्रा. माधवन मुकुंद यांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स (माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती) शिकवणारा अभ्यासक्रम उत्तम आहे. व्याख्याने मोफत, परीक्षेला शुल्क. अगदी नवख्याने मात्र तिथून सुरुवात करू नये.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट कुठल्याच इंग्रजी पुस्तकात ठळकपणे सापडत नाही. ‘बेळगाव’ची लांबी पायथनला विचारली, तर उत्तर ४ नव्हे, ६ येते, कारण मात्रा आणि काना वेगळे मोजले जातात. विंडोजवर पायथनमधून मराठी फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) ‘यूटीएफ-८’ असे स्वतः लिहावे लागते, ३.१५ पासून तेच गृहीत धरायचे ठरले आहे. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, नाहीतर सगळी अक्षरे भलतीच येतात.

आपल्या दैनिकाने शैक्षणिक पानावर आठवड्याला अर्धा कॉलम यासाठी द्यावा, ही आमची आग्रहाची विनंती आहे. दर वेळी एकच एरर संदेश, त्याचा मराठीत अर्थ, तो का येतो आणि दुरुस्ती कशी, एवढे पुरे. वर आवृत्ती आणि तारीख हवीच. छपाईत मात्र जपावे लागेल. पान लावताना सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झाली, की वाचक तसेच टाइप करतो आणि प्रोग्रॅम चालत नाही. ओळीच्या सुरुवातीच्या चार मोकळ्या जागा तशाच राहिल्या पाहिजेत. पायथनमध्ये त्या शोभेसाठी नसतात, त्यांवरच अर्थ ठरतो. म्हणून कोडसाठी समान रुंदीचा फाँट वापरावा आणि ओळ तीस-पस्तीस अक्षरांच्या आत ठेवावी, म्हणजे कॉलममध्ये ती मोडणार नाही. पहिल्या काही आठवड्यांचा मजकूर तपासून, चालवून पाहून विनामोबदला द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
संगणक विषय शिकवणारे काही शिक्षक,
बेळगाव व खानापूर