काटा चालू करून देणाऱ्यांचे आभार

ऐन काजूच्या हंगामात वाळपईच्या आमच्या दुकानातला जुना संगणक बसला. नवा आणला, तर त्याला वजनकाट्याची नऊ पिनांची सिरियल केबल लावायला जागाच नाही. काटा बदलायचा प्रश्नच नव्हता. बिया घेऊन येणाऱ्यांचा माझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास!

पणजीच्या दुकानातल्या ताईंनी फोनवर आधी कॅबिनेटची रुंदी विचारली. आमचं बारकं, म्हणून सिरियल केबलची जागा (पोर्ट) देणाऱ्या कार्डासोबत ते कॅबिनेटला अडकवायची आखूड पट्टी आठवणीने घातली. लांब पट्टीचं कार्ड त्यात बसलंच नसतं. पार्सल आणणाऱ्या कंडक्टरदादांनी भाडंही घेतलं नाही.

खरी मेहनत मात्र शेजारच्या गल्लीतल्या पोराची. वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि मगच कार्ड संगणकाच्या आतल्या, जादा कार्डं बसवायच्या पीसीआय एक्सप्रेसच्या सर्वांत छोट्या खाचेत दाबलं. विंडोजने पोर्टला कॉम ३ नाव दिलं. आमचं बिलाचं सॉफ्टवेअर कॉम १ आणि २ सोडून कुणाला ओळखत नाही. त्याने डिव्हाइस मॅनेजरमध्ये नंबर बदलला. तरी पडद्यावर किलोंच्या जागी प्रश्नचिन्हं आणि चौकोन! सॉफ्टवेअर ९६०० च्या वेगाने ऐकत होतं, काटा २४०० ने बोलत होता. काट्याच्या पाठीवरचं पुसट लेबल टॉर्चने वाचून हे त्यानेच शोधलं.

पैशांना हात लावला नाही. काजूगर घेतले, तेही आईने खिशात कोंबले म्हणून. तिघांनाही देव बरें करूं.